चार झाकणं

मुल्लाणीबाई शाळेच्या प्रदर्शनासाठी
चार बरण्या सांगायला आल्या तेव्हा
मी आव्यातली राख उपसत होतो.
मातीच्याच हव्यात, म्हणाल्या, आणि झाकणांना डोकी:
एक माणसाचं, एक वानराचं,
एक कोल्ह्याचं, एक ससाण्याचं.
कसबे डिग्रजच्या कुंभारानं ससाणा कधी बघायचा?
मी घार केली.

बाई चिखलाशेजारी उकिडव्या बसून सांगत गेल्या:
मिसर देशात राजा मेला की
आतलं सगळं काढून मिठात सुकवायचे
आणि चार बरण्यांत भरून शेजारी ठेवायचे.
माणसाकडं काळीज, वानराकडं फुप्फुसं,
ससाण्याकडं आतडी,
कोल्ह्याकडं पोट. राखणीला.
"कोल्हा काकडीला राजी,"
मालन आतून ओरडली,
"त्याला कुणाचं पोट कशाला?"

मी विचारलं, काळीज म्हणजे कुठलं?
बाजारात रज्जाकभाई किलोवर देतो ते,
का लेक नांदायला जाताना तुटतं ते?
बाई जरा थांबल्या.
रज्जाकभाईचं बरणीत.
तुटतं ते छातीतच ठेवायचे.
तेही तोलायचे, पण पुढं गेल्यावर,
दुसऱ्या पारड्यात एक पीस टाकून.
"आन् मेंदू?"
"तो फेकून द्यायचे."
"मग आमच्यातलंच हुते की," मालन म्हणाली.

पहिल्या कोल्ह्याचा कान आव्यात उडाला.
दुसरा करून दिला.
नंबर बरण्यांना नाही, सौरचुलीला आला.
कानतुटका आमच्या चुलीमागं राहिला,
मालननं त्यात मीठ भरलं.

पुढच्या पौषात, मिरजेला,
ऑपरेशनच्या दारातून नर्स आली,
"मालन कुंभारचं कोण?"
आणि हातात एक डबी दिली.
पांढरं झाकण. पाण्यात राखाडी-गुलाबी काहीतरी,
बोटाच्या पेराएवढं.
"समोरच्या लॅबात द्या. पावती आणा."

डबीवर कुणाच्या बोटाचा ठसा नव्हता.
झाकण गुळगुळीत, डोकं नसलेलं.
मी ती सदऱ्याच्या आत धरली
आणि रस्ता चुकून तंतुवाद्यांच्या गल्लीत शिरलो.
पोट काढलेले भोपळे
उन्हात वाळत टांगले होते.
आत कुणीतरी एकच तार
पुन्हा पुन्हा लावत होतं, लागत नव्हती.

लॅबच्या पोरानं चिकटपट्टी मारली, नंबर घातला.
"काय आहे?"
"पोट," मी म्हणालो. "बायकोचं. थोडं."

चैत्रात तिचं मडकं मीच दिलं.
गावात दुसरं कुंभाराचं घर नाही.
चार वाजवून बघितली, बिनतड्याचं निवडलं,
फोडायचं असलं तरी.
थोरल्यानं खांद्यावर घेतलं.
एक फेरी, दगडानं एक भोक.
दुसरी. तिसरी.
पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत राहिलं,
मग त्यानं मागं न बघता सोडून दिलं.

तिकडं भरून ठेवायचे.
आमच्यात रिकामं करत फिरायचं.
यातलं कुणाचं खरं, बाईंना विचारायचं होतं.
त्या आल्या होत्या, लांब, बाभळीखाली,
पदर डोक्यावर घेऊन.
विचारलं नाही.

सुनेनं झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणलाय.
मीठ त्यात काढते म्हणाली.
राहू दे, म्हणालो.
दमट दिवसांत मातीला आतून पांढरं फुटतं,
बरणीच्या पोटाचे पापुद्रे सुटतायत.
मीठ मातीला खातं, हे कुंभाराला सांगावं लागत नाही.
दोन-चार वर्षं काढेल.

रात्री जेवताना मी चिमूटभर घेतो.
झाकण ठेवताना अंगठा
बरोबर तुटक्या कानाच्या जागी बसतो.